रिलेचं झाकण

दसरा, १९४६. सकाळची वेळ. लोणावळ्याच्या बाजारामागची आमची पत्र्याची शेड.

हजर: मी, मिस्त्री. माझा भागीदार, ज्याला सगळे भाऊ म्हणतात म्हणून मीही म्हणतो. तसे चौथीपर्यंत आम्ही एकाच बस्करावर बसलेलो. भाऊची आई, म्हणजे माझी मानलेली मावशी. भाऊचे चुलते आबा, औंढ्याहून मुद्दाम आलेले. आणि मोटार: कापडी टपाची जुनी टूरिंग, धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार, टपाच्या पुढच्या पट्टीवर करकचून बांधलेला लोखंडी कर्णा.

गैरहजर: माझी बायको. तिला बोलावणं होतं. "तुमचं काम आहे, तुम्ही जा. मला आबांचं तोंड बघायचं नाही," असं ती म्हणाली होती. हजेरी मांडायची सवय मला कामामुळे लागली. कोण होतं ते लिहिलं की कोण नव्हतं तेही आपोआप लिहिलं जातं.

शेडच्या दाराला एक पाटी टेकवून ठेवलेली होती. पांढरा रंग दिलेली आणि कोरी. तिच्यावर दोन नावं यायची होती, भाऊचं आणि माझं. मोटार आणि जागा त्याच्या घरची, हत्यारं आणि हात माझे, असा आमचा तोंडी करार होता. आबांना दोन नावं मान्य नव्हती. "मोटार आमची, जागा आमची, मग पाटीवर ह्यो दुसरा कशाला?" असं ते माझ्यासमोरच बोलले होते, आवाज न चढवता, जणू बैलजोडीचं बोलतायत. पुण्याहून एक माणूस आणता येईल, तो पगारावर राहील, नाव मागणार नाही, हेही त्यांनी सुचवलं होतं. बरीच घासाघीस होऊन ठरलं ते असं: दसऱ्याला औंढ्याच्या कुस्त्यांच्या मैदानात मोटार बोलली, तर रंगारी दोन्ही नावं लिहील. नाही बोलली तर आबा सांगतील तसं.

मोटार बोलणार कशी, ते सांगतो. लढाई संपल्यावर देहूरोडच्या लष्करी डेपोतून सामान ढिगांनी विकायला निघालं. तंबूचं कापड, बूट, वायर, न समजणारी यंत्रं. त्या ढिगातून मी चार वस्तू निवडल्या: आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर, कर्णा, बॅटरीच्या विजेवर फिरून अॅम्प्लिफायरला लागणारा विजेचा जादा दाब तयार करणारं एक जड यंत्र, आणि मुठीत मावेल एवढी एक डबी. जड यंत्राला आम्ही घरघऱ्या म्हणायचो. डबी म्हणजे रिले. ग्रामोफोन आणि मायक्रोफोन भाऊने भाड्याने आणले. जत्रा, लग्नं, तंबूतल्या सिनेमाची जाहिरात, सगळ्या मावळात आमची एकच बोलकी मोटार फिरेल असा हिशेब होता.

घरघऱ्या सुरू होताना इतका करंट ओढायचा की मोटारीच्या पुढच्या फळीवरचं बटण पहिल्याच दिवशी जळलं. त्यावर उपाय तो रिले. बटणातून फक्त बारीक वायर रिलेकडे जाते. बटण दाबलं की रिलेतल्या वेटोळ्याचं चुंबक होतं, ते लोखंडाची एक जीभ खाली ओढतं, आणि जिभेखालचे दोन जाड पॉइंट एकमेकांना भिडतात. जड करंट त्या पॉइंटांतून जातो, बटणाला त्याची झळ लागत नाही. रिले मी इंजिनामागच्या लाकडी फळीवर, बॅटरीच्या जवळात जवळ बसवला. जाड वायर आखूड ठेवली. डेपोतल्या वायरी सगळ्या एकाच मातकट रंगाच्या, म्हणून प्रत्येक टोकाला बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा बांधला. बॅटरीकडून येणारी तांबडी, घरघऱ्याकडे जाणारी काळी, बटणाची पिवळी. नंतर कुणालाही दुरुस्त करता यावं, असं काम करायची माझी पद्धत आहे. ती पुढे माझ्या कामी आली नाही.

आदल्या संध्याकाळी मावशी शेडवर आली तेव्हा झाकण उघडंच होतं. मी बटण दाबून दाखवलं. टक्. सोडलं. टक्. तिने चार वेळा दाबायला लावलं.

"जीव हाय का रं ह्यात?"

"जीव नाही मावशी. जीभ आहे."

"मंग तुज्या आबांपरीस बरी. दाबली की गप ऱ्हाती."

भाऊ एवढा हसला की त्याला ठसका लागला.

मावशीबद्दल एवढंच सांगतो. माझे वडील कल्हई करायचे. औंढ्यातल्या घराघरातली भांडी त्यांच्या हातून गेलेली. आई लवकर गेली, त्यामुळे वडील भाता मांडून बसले की मी मावशीच्या ओसरीवर. ती मला भाऊच्या शेजारी बसवून जेवू घालायची. माझी थाळी वेगळी असायची, कोनाड्यात पालथी घातलेली. तिच्यावरची कल्हई माझ्या वडिलांनीच केलेली होती. हे मला तेव्हा खटकत नव्हतं. आता खटकतं, आणि मावशीचा राग मात्र आजही येत नाही, हे दोन्ही खरं आहे.

तर दसऱ्याची सकाळ. मोटारीची पूजा झाली. चाकांना हळदकुंकू, स्टिअरिंगला आपट्याचं पान, पुढे नारळ. मग मावशी म्हणाली, "त्या बोलत्या डबीला न्हाई का लावायचं? सगळं तर तीच करती म्हनं."

मी बॉनेट उघडलं. रिलेचं झाकण काढून फळीवर ठेवलं, कारण तिला जिभेलाच कुंकू लावायचं होतं. तिने अनामिकेने इतकं हलकं बोट टेकवलं की मी निर्धास्त झालो. मग तबकातल्या अक्षता उचलल्या आणि डोळे मिटून वाहिल्या. आंबेमोहोर तांदळाच्या अक्षता होत्या. बारीक, कुंकवात लाल झालेल्या. पुष्कळशा इंजिनावर पडल्या. दोन दाणे रिलेत गेले. मी पाहिले. वेटोळ्याच्या कडेला, पॉइंटांपासून बोटभर अंतरावर.

मी वाकलो आणि म्हणालो, "थांबा, नुसती फुंकर मारतो."

"आरं ए!" आबा एकदम पुढे आले. "देवाच्या अक्षदांवर फुंकर? तोंडाची?"

"आत राहिल्या तर अडकतील आबा. बारीक काम आहे."

"वाहिल्याली अक्षदा उद्यापातुर हलवायची न्हाई. तुमच्यात नसंल तसं. आमच्यात हाय."

मी भाऊकडे पाहिलं. तो घड्याळ बघत होता. "राहू दे रे," तो म्हणाला, "उद्या काढू. दोन दाण्यांनी काय होतंय." आणि त्यानेच झाकण उचलून बसवलं, दोन्ही स्क्रू आवळले. त्याच्याही मनात काही वाईट नव्हतं. मुहूर्त टळेल म्हणून घाई, आणि आबांशी वाद नको, एवढंच. भाऊला आयुष्यभर वाद नकोच असायचे.

निघण्यापूर्वी बटण दाबून पाहिलं. टक् झालं, घरघऱ्या फिरला, कर्ण्यातून ग्रामोफोनची सनई अशी बाहेर पडली की समोरच्या वखारीतली कबुतरं उडाली. आबांच्या चेहऱ्यावरसुद्धा काहीतरी हललं. "बोलतंय की," ते म्हणाले. मावशीने मोटारीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी मनात पाटीवरच्या अक्षरांचा रंग ठरवला. निळा.

औंढ्याचा रस्ता तेव्हा कसा होता ते तिकडच्यांना सांगायला नको. पावसाळ्याने खडी उघडी पाडलेली, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पोटरीएवढ्या. दोन्ही बाजूंना भात ओंबीवर आलेलं. भाऊ चालवत होता, मी मागे अॅम्प्लिफायर मांडीवर धरून बसलो होतो, कारण त्याच्या काचेच्या नळ्यांना धक्का सोसत नाही. धक्के मी सगळे स्वतःच्या अंगावर घेतले. रिले मात्र पुढे फळीवर होता.

मैदानात पोचलो तेव्हा गर्दी जमली होती. कर्णा पाहून पोरं झाडावर चढली. पहिल्या जोडीची नावं आबांनीच पुकारायची, हे ठरलेलं. ते फेटा सावरून मायक्रोफोनसमोर उभे राहिले, हात मागे बांधून. मी भाऊला खूण केली. त्याने बटण दाबलं.

टक्.

घरघर नाही.

पुन्हा दाबलं. टक्. आवाज सकाळचा नव्हता. लोखंडावर लोखंड आपटलं की कोरडा वाजतो. हा बोथट होता, मध्ये काहीतरी धरल्यासारखा. ज्याने तो आवाज शंभरदा ऐकला आहे त्याला डोळे मिटून कळेल. जीभ खाली येत होती आणि पॉइंट भिडत नव्हते.

"मोटार लाजली वाटतं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"नवी नवरी हाय, दोन दिस जाऊ द्या, मंग ऐका!"

हशा झाला. त्यात वाईट काही नव्हतं. मीही हसलो असतो. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उतरलो, बॉनेट उघडलं. दुसऱ्या हातात जाड वायरीचा तुकडा होता. झाकण नसतं काढू दिलं तरी तो तुकडा तांबड्या आणि काळ्या दोऱ्याच्या टोकांवर धरला असता तर रिले वगळून घरघऱ्या सुरू झाला असता. एवढंच काम होतं. श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढा वेळ.

आबा मायक्रोफोन सोडून माझ्याजवळ आले. "काय झालं?"

आता इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. "सकाळच्या अक्षतांतला दाणा अडकलाय." खरं, साधं वाक्य. पण ते कुठे बोलायचं होतं? औंढ्याच्या मैदानात, दसऱ्याच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर. कोणी? मी. त्या वर्षी पेपर उघडला की हिंदू-मुसलमान दंग्यांचं काय काय वाचायला मिळायचं ते ज्यांना आठवतं त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. देवाच्या अक्षतांनी मोटार बंद पडली, असं माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं तर त्यातलं मोटार आणि बंद कुणी ऐकलं नसतं. आणि गर्दीच्या कडेला, बायकांच्यात, मावशी उभी होती. तिच्या हातच्या अक्षता.

"झाकण काढून बघतो," मी म्हणालो.

"सकाळी चालत व्हतं का न्हाई?"

"चालत होतं."

"मंग मधी हात कुनाचा लागला? भाऊ तर पुढं बसून गाडी हाकत व्हता. मागं सामानापाशी कोन व्हतं?"

हे त्यांनी मला विचारलं नाही, गर्दीला विचारलं. पुढच्या रांगेतला हशा थांबला. मागच्या रांगांना काही ऐकू येत नव्हतं, ते अजून ओरडत होते, "बोला, बोला!"

मी वायरीचा तुकडा पुढे केला. आबांनी माझं मनगट धरलं. जोरात नव्हे. म्हाताऱ्या माणसाचा हात. "आता हात लावू नगं," ते म्हणाले. "जे केलंस ते बास झालं."

मी भाऊकडे पाहिलं. आदल्या दिवशी संध्याकाळभर तो माझ्या शेजारी कंदील धरून बसला होता. प्रत्येक दोरा त्याच्यासमोर बांधलेला. अक्षता त्याने पडताना पाहिल्या होत्या, झाकण त्याने लावलं होतं. मी बोललो असतो तर तो धर्माचा विषय झाला असता. भाऊ बोलला असता तर ती निव्वळ दुरुस्ती झाली असती. "आबा, आईच्या अक्षदा गेल्यात आत, काढतो मी." लोक हसले असते, मावशीने कपाळाला हात लावला असता, आणि मोटार बोलली असती.

भाऊ स्टिअरिंगवरचं आपट्याचं पान सरळ करत होता. ते सरळच होतं.

मग त्याने खाली उतरून माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, खिशात घातला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. कशाला वाढवायचं?"

कुस्त्या झाल्या. आबांनी दरवर्षीसारखी तोंडाने नावं पुकारली आणि ती दरवर्षीसारखी सगळ्यांना ऐकू गेली. मी चालत लोणावळ्याला आलो.

बायकोने मला पाहिलं आणि आधी पाणी दिलं. मग सगळं ऐकून घेतलं.

"मग सांगितलं का नाही? तुमचं तोंड शिवलं होतं का?"

"मावशी होती तिथे."

"मावशी होती. भाऊ होता. आबा होते. सगळे होते. तुम्ही नव्हता फक्त." पाण्याचा तांब्या उचलत म्हणाली, "उद्या शेडवर जा आणि झाकण उघडून भाऊला दाखवा. भाऊला एकट्याला. त्याला तरी कळू दे."

"त्याला कळलेलंच आहे."

ती उठली. भाकऱ्या थापायला बसली आणि नेहमीपेक्षा जोरात थापल्या.

दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप होतं. तिसऱ्या दिवशी पाटीपाशी रंगारी बसला होता. एकच नाव, आणि ते पाटीच्या मधोमध न येता डाव्या बाजूला आलं होतं. मापं आधी दोन नावांची घेतलेली, उजवीकडची जागा तशीच पांढरी राहिली. भाऊने माझी हत्यारं पोत्यात भरून हातगाडीवरून घरी पाठवली. सगळी होती. त्याने मोजून पाठवली असणार, तो तसा प्रामाणिक माणूस. वर एक स्क्रू-ड्रायव्हर वेगळा, कागदात गुंडाळून. मैदानातला.

मी स्टेशनच्या पलीकडे भाड्याने एक खोली घेतली आणि सायकली, बत्त्या, जमेल ते दुरुस्त करायला लागलो. भिंतीला फळ्या मारल्या, हत्यारांसाठी खिळे ठोकले, प्रत्येक हत्याराच्या मागे त्याची आकृती रंगाने काढली, म्हणजे कुठलं जागेवर नाही ते दारातूनच दिसावं. पुण्याचा माणूस भाऊकडे आला. त्याने रिले काढून टाकला आणि जाड बटण बसवलं. मोटार बोलायला लागली. जत्रांच्या दिवसांत रस्त्याने तिचा आवाज यायचा तेव्हा मी हातातलं काम थांबवत नसे.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मावशी आली. पहिल्यांदाच माझ्या खोलीवर. दारात चपला काढल्या, आत येऊन खोक्यावर बसली. पदराच्या गाठीतून फडक्यात बांधलेली एक वस्तू काढली.

"त्या पुन्याच्यानं उकिरड्यावर टाकली व्हती. मी उचलली. तुजी हाय ना?"

रिले होता. झाकण तसंच, दोन्ही स्क्रू आवळलेले. झाकणाच्या कडेला कुंकवाची पुसट रेघ. वायरींचे तुकडे लोंबत होते, दोरे अजून बांधलेले. तांबडा, काळा, पिवळा.

"माझी आहे."

"मग काय झालतं रं तिला त्या दिशी?"

"वायर ढिली झाली होती मावशी. रस्ता खराब."

तिने डबी माझ्या हातातून परत घेतली, कानाशी धरून हलवली. काही वाजलं नाही. असेल तर घट्ट अडकलेलं असणार.

"उगड की मग," ती म्हणाली. "माज्यासमोर उगड. मला बगू दे आत काय हाय."

ती भोळी नव्हती. इतके दिवस ती हेच मनात घेऊन बसली होती, आणि उत्तर ऐकायला चालत आली होती. उघडून आत लाल दाणा निघाला असता तर ती काय करणार होती, ते मला माहीत होतं. घरी जाऊन आबांना चार माणसांत बोलली असती, भाऊला बोलली असती, आणि मग उरलेले सगळे दिवस देवासमोर तबक घेताना तिचा हात अडखळला असता. माझं नाव पाटीवर त्याने येणार नव्हतं. पाटी रंगवून झाली होती.

"स्क्रू-ड्रायव्हर सापडत नाही मावशी," मी म्हणालो.

तिने मान वर केली. तिच्या समोरच्या भिंतीवर लहान-मोठे सगळे स्क्रू-ड्रायव्हर उतरत्या मापाने टांगलेले होते, आपापल्या आकृतीवर. एकही जागा रिकामी नव्हती. तिने सगळी रांग पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

"व्हय," ती म्हणाली. "कामाच्या येळंला सापडत न्हाई."

मी चहा विचारला. तिने घेतला, माझ्याच कपात, आणि कप स्वतः उठून विसळून ठेवला. डबी खोक्यावर ठेवून गेली.

मावशी आता नाही. भाऊने निरोप पाठवला होता, मी औंढ्याला गेलो, मागच्या रांगेत उभा राहिलो. आबांनी मला पाहिलं आणि नजर वळवली. भाऊ जवळ येऊन म्हणाला, "आलास ते बरं केलंस." मी म्हणालो, "हो." एवढंच आमचं बोलणं.

तेव्हा आता डबी उघडायला कुणाची अडचण नाही. गरजही आहे. वडिवळ्याचा एक भातवाला त्याच्या ट्रकवर कर्णा बसवून मागतोय, बाकी सगळं सामान जमलंय, रिले तेवढा मिळत नाही. डेपोतले ढीग कधीच संपले. माझ्याकडे एक आहे, चालू, वरच्या फळीवर. दोन स्क्रू काढायचे, आत बघायचं, पॉइंट साफ करायचे. चहा निवायच्या आत होणारं काम.

दर सोमवारी मी आठवड्याच्या कामांची यादी करतो. झालेल्या कामावर रेघ मारतो, राहिलेलं पुढच्या यादीत उतरवतो. या सोमवारची यादी समोर आहे. सायकलीचे ब्रेक, बत्तीचा पंप, घासलेट आणणे, सगळ्यावर रेघ आहे. एकच काम राहिलं आहे: रिलेचं झाकण काढणे.

भातवाला उद्या विचारायला येणार आहे.